झाडं मोजता, तसा चिखलही जपा : कांदळवन कक्षाला खुले पत्र

प्रति,
कांदळवन कक्षातील सर्व अधिकारी आणि कर्मचारी,
मुंबई

विषय : खाडीतला चिखल हलवण्याआधी त्याचे नमुने कायमचे जपून ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात वीस वर्षांहून जास्त काळ सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिवरांची राखण तुम्ही करता, आणि मुंबईकर म्हणून मला त्याची कदर आहे. आज मात्र मी झाडांच्या पायाखालच्या चिखलाविषयी लिहिते आहे, आणि त्या चिखलात जिवाणूंना लागण करणारे जे विषाणू राहतात त्यांच्याविषयी. त्यांना बॅक्टेरिओफाज म्हणतात. आम्ही प्रयोगशाळेत नुसतं फाज म्हणतो. मागणी एकच आहे. कांदळवनातला चिखल जिथे जिथे उपसला, बुजवला किंवा हलवला जाणार असेल, तिथला नमुना आधी काढून कायमचा गोठवून ठेवावा. ही मागणी का करते आहे, ते सविस्तर सांगते.

गेल्या हिवाळ्यात अमावास्येच्या उधाणाला, सुकती पूर्ण लागल्यावर, आम्ही रीतसर परवानगी घेऊन ठाणे खाडीच्या काठाला उतरलो. बरोबर सहा विद्यार्थी आणि वाट दाखवायला एक कोळी दादा. "मॅडम, पाय उचलायचा नाय, घासत न्यायचा," असं ते सारखं सांगत होते, तरी पहिल्या दहा पावलांत एका मुलीची चप्पल चिखलाने गिळलीच. निवट्या टुणटुण उड्या मारत बाजूला होत होत्या. दोन इंची पीव्हीसी पाइपाच्या एका टोकाला आम्ही कानसेने धार काढली होती. तो पाइप सरळ खाली दाबला, वरून रबरी बूच लावलं आणि हळूहळू फिरवत बाहेर काढला. आतला गाळ आखाच्या आखा ट्रेमध्ये उतरला. वरचा बोटभर थर तपकिरी, त्याखाली काळाकुळकुळीत, आणि सडक्या अंड्याचा भपकारा. चप्पल गेलेली मुलगी नाक दाबून म्हणाली, "यात काय जिवंत असणार?"

मी तिला चिमूटभर काळा गाळ बोटावर घेऊन दाखवला. अशा एक ग्रॅम ओल्या गाळात विषाणूंची संख्या कोटींत असते, कधी अब्जांत. पृथ्वीवरच्या सगळ्या फाजचा अंदाज एकावर एकतीस शून्यं एवढा धरतात. त्या मुलीने नंतर पूर्ण वर्ष याच गाळावर काम केलं.

फाजची लागण माणसाला होत नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण कोविडनंतर 'विषाणू' म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. फाज फक्त जिवाणूला धरतो, आणि तोही बहुतेक वेळा ठरावीक जातीचाच. जिवाणूच्या अंगावर बसतो, आपला डीएनए आत सोडतो, आतल्या आत स्वतःच्या प्रती करून घेतो आणि शेवटी जिवाणू फुटतो. काही फाज घाई करत नाहीत. ते जिवाणूच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएत, मुक्काम ठोकतात, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर वाढतात आणि जिवाणूवर काही संकट आलं की बाहेर पडतात. १८९६ साली हँकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. पुढे अनेकांनी त्याचा संबंध फाजशी जोडला. प्रत्यक्ष फाजचा शोध १९१५ साली ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली डेरेल यांनी स्वतंत्रपणे लावला. नाव डेरेल यांनी दिलं.

आता खऱ्या विषयाकडे येते. जिवाणूंची ओळख पटवायला '१६ एस' नावाचं जनुक कामाला येतं, कारण ते सगळ्या जिवाणूंकडे असतं. विषाणूंमध्ये असं सर्वांना समान असलेलं एकही जनुक नाही. शाळेत हजेरी घ्यायची आणि कुणाचंच आडनाव नाही, तशातली गत. शिवाय आकारात जमीन-अस्मानाचा फरक. फाय-एक्स-१७४ या फाजचा जीनोम डीएनएच्या अवघ्या ५,३८६ अक्षरांचा. १९७७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ सँगर यांच्या गटाने तो पूर्ण वाचला, आणि पूर्ण वाचला गेलेला तो पहिला डीएनए जीनोम ठरला. आमच्या प्रात्यक्षिकातल्या टी-४ या फाजचा सुमारे १ लाख ६९ हजार अक्षरांचा. आणि अलीकडे सापडलेले काही महाकाय फाज ७ लाखांच्याही पुढे गेले आहेत. मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी ही शेपटीच्या आकारावरून पाडलेली तीन कुळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय समितीने ती रद्द केली, कारण जीनोम वाचल्यावर सारख्या शेपट्यांचे सगळे फाज एकमेकांचे जवळचे नातेवाईक निघेनात.

हे वैविध्य मातीत किती आहे, याचा अंदाज जगाला दिला तो पीटच्या दलदलींनी. पीट आपल्याकडे फारसं पाहायला मिळत नाही. थंड प्रदेशातल्या पाणथळ जागांत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, मरतं, पाण्याखाली दबतं. तिथे ऑक्सिजन नाही, पाणी आम्लधर्मी, त्यामुळे ते धड कुजतच नाही. वर्षाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरने थर चढतो, आणि असे हजारो वर्षांचे थर साचतात. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच भाग अशा पीटचा आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडाझुडपांत मिळून आहे त्याहून जास्त कार्बन त्यात अडकून पडला आहे. तो तसाच राहणार की मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाणार, हे तिथले सूक्ष्मजीव ठरवतात. आणि त्या सूक्ष्मजीवांतले कोण जगणार, कोण फुटणार, यात फाजचा मोठा हात असतो.

उत्तर स्वीडनमध्ये स्टॉर्डालेन नावाची दलदल आहे. तिथली कायम गोठलेली जमीन आता वितळते आहे. शास्त्रज्ञांनी गोठलेल्या भागापासून पूर्ण वितळलेल्या भागापर्यंत नमुने घेतले, त्यातला सगळा डीएनए एकत्र वाचला, आणि २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात १९७ नमुन्यांच्या माहितीतून १,९०७ प्रकारचे विषाणू वेगळे करून दाखवले. यांतले बहुतेक आधी कुणी पाहिलेलेच नव्हते. मला त्यातली सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट पुढची आहे. काही विषाणूंच्या जीनोममध्ये वनस्पतींच्या चिवट शर्करा तोडणारी जनुकं सापडली. त्यांतल्या एका जनुकापासून त्यांनी प्रयोगशाळेत विकर (एन्झाइम) तयार केलं, आणि ते खरोखरच काम करत होतं. म्हणजे विषाणू जिवाणूला नुसता मारत नाही. जिवंत असेपर्यंत त्याच्या हातात नवं हत्यारही देतो, आणि त्या हत्याराने पीट तोडलं जातं. मिनेसोटात तर पीटच्या दलदलीचे काही भाग बंदिस्त करून तिथलं तापमान नेहमीपेक्षा ९ अंशांपर्यंत जास्त ठेवण्याचा प्रयोग चालवला गेला. तिथल्या पीटमधल्या विषाणूंचाही असाच अभ्यास झाला आहे.

कुठला विषाणू कुठल्या जिवाणूला धरतो हे शोधण्याची रीतही सुंदर आहे. हल्ल्यातून वाचलेला जिवाणू विषाणूच्या डीएनएचा छोटासा तुकडा आपल्या जीनोममध्ये ओळीने जपून ठेवतो, पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून. क्रिस्पर म्हणतात ते हेच. हे तुकडे विषाणूंच्या जीनोमशी ताडून पाहिले की जुनं वैर उघडं पडतं. दोघांपैकी एकालाही प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढवावं लागत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण मातीतले बहुतेक जिवाणू आमच्या प्लेटवर वाढतच नाहीत.

सगळेच आकडे मी डोळे मिटून मानत नाही. काही वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या स्फॅग्नमच्या दलदलीतून फाय-एक्सच्या जातकुळीतल्या चिमुकल्या, गोल जीनोमच्या विषाणूंचं मोठं वैविध्य नोंदवलं गेलं. वैविध्य खरंच आहे. पण डीएनए कमी मिळाला की तो वाढवण्यासाठी जी एक पद्धत सर्रास वापरली जाते, ती नेमके असेच छोटे गोल जीनोम जास्त फुगवते. म्हणून 'कोण कोण आहे' यावर विश्वास ठेवावा, 'किती टक्के आहे' यावर जपून, असं मी मुलांना सांगते. आणि हे पुन्हा तपासायचं तर मूळ माती हातात असावी लागते. पद्धती दर पाच वर्षांनी सुधारतात. नमुना उरलाच नसेल, तर सुधारलेली पद्धत लावायची कशावर?

पीटचं एवढं पुराण मुंबईत कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. ठाण्याची खाडी, गोराईची खाडी, मिठी नदीचं मुख, इथला गाळ हा पीटचा खारा भाऊबंद आहे. इथेही पाणी तुंबलेलं, बोटभर खोलीच्या खाली ऑक्सिजन नाही, तिवरांची पानं आणि मुळं पूर्ण न कुजता साचत राहतात. फरक मिठाचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन तयार करणाऱ्यांना सहसा वर येऊ देत नाहीत. तो सडक्या अंड्याचा वास आणि तो काळा रंग त्यांचीच करणी. पण खाडीत गोडं पाणी आणि सांडपाणी वाढलं की हे पारडं हलू शकतं. आमच्या गाळातून काढलेलं पाणी पीटच्या पाण्यासारखंच दिसलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. तो रंग धुऊन काढल्याशिवाय पुढची एकही चाचणी धड चालत नव्हती. बर्फात ठेवून हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, बाहेर मोकळा फिरणारा डीएनए विकराने खाऊन टाकायचा, आणि मग विषाणूंची कवचं फोडायची. चप्पल गमावलेल्या त्या मुलीला यात चार महिने गेले. हाती आलेल्या जनुकांपैकी बहुतेक जनुकं जगातल्या कुठल्याही यादीशी जुळली नाहीत.

मुंबईने जमिनीखालचं असं काही पहिल्यांदा पाहिलं त्याला दीडशे वर्षं होत आली. मुंबई बंदरातला प्रिन्सेस डॉक १८८० साली सुरू झाला. त्याआधी तो खणताना गाळाखाली एक अख्खं बुडालेलं जंगल लागलं. जुन्या नोंदींप्रमाणे ३८२ झाडं होती, मुख्यतः खैराची. त्यांतली २२३ जागच्या जागी उभी, मुळं मातीत रोवलेली, आणि १५९ आडवी पडलेली. कुणीतरी इंजिनिअर त्या राड्यात उतरून एकेक बुंधा मोजत गेला, म्हणून आज हे आकडे मी तुम्हाला सांगू शकते. त्या झाडांच्या मुळांभोवतीचा गाळ मात्र उपसला गेला. तो जपावा हे तेव्हा कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं, कारण विषाणू म्हणून काही असतं हेच जगाला कळायला अजून बारा-पंधरा वर्षं होती. त्यांना मी दोष देत नाही. आपल्याला मात्र हे माहीत आहे.

माहीत असून आपण काय करतो, तेही सांगते. खाडीकाठच्या एका कामाचा पर्यावरण अहवाल मी पानन्‌पान वाचला. झाडं जातवार मोजलेली, पक्ष्यांची यादी, मासे, खेकडे, शिंपल्या. मातीच्या रकान्यात वाळू किती, चिकणमाती किती, क्षारता, जड धातू. आणि सूक्ष्मजीव? मैलापाण्यातल्या जिवाणूंचा एक आकडा, बस्स. अख्ख्या अहवालात 'विषाणू' हा शब्द नाही. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावायची अट असते आणि ती असायलाच हवी. पण रोप दुसरीकडे लावलं म्हणून जुन्या जागचा चिखल तिकडे जात नाही. थरावर थर चढत तो तयार व्हायला शतकं लागली. पोकलेन त्याला एका दुपारी उलटापालटा करतो, खालचा थर हवेत येतो, ऑक्सिजन लागतो, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारी ती सगळी वस्ती त्यावर जगणाऱ्या फाजसकट मोडते.

नमुना हरवणं म्हणजे काय, ते मी स्वतः पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी नुकतीच शिकवायला लागले होते. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. तिसऱ्या दिवशी दार ढकललं तर डीप फ्रीझर आडवा होऊन भिंतीला टेकलेला. आमच्या सरांनी पंधरा वर्षं मुंबईच्या नाल्यांतून, खाड्यांतून वेगळे केलेले फाज त्यात होते, छोट्या छोट्या कुप्यांत. झाकणं उघडलेली, लेबलांची शाई पसरलेली. सर खाली बसून एकेक कुपी उजेडात धरून नाव वाचायचा प्रयत्न करत होते. नोंदवही तेवढी बचावली होती, तीत प्रत्येक फाजची तारीख, जागा, कुठल्या जिवाणूवर किती मोठे प्लाक (जिवाणू फुटून प्लेटवर पडलेले डाग) आले, सगळं सरांच्या बारीक अक्षरात. फाज मात्र एकही उरला नव्हता. दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती. ती चूक आमची होती आणि आजही मला टोचते.

जपून ठेवलेला फाज कधी कुणाच्या कामी येईल, सांगता येत नाही. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला एका विद्यार्थिनीने सडलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूने एक फाज वेगळा केला. त्याचं नाव मडी. तो अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये प्राध्यापक हॅटफुल यांच्या संग्रहात इतर हजारो फाजबरोबर गोठून पडून होता. आठेक वर्षांनी लंडनमध्ये, फुप्फुस बदललेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला कुठल्याही औषधाला न जुमानणारा संसर्ग झाला. संग्रहातून तीन फाज निवडले गेले, त्यांतला एक मडी. इतर दोघांच्या जीनोममध्ये थोडा बदल करून घेतला आणि तिन्ही फाज तिला दिले. ती सुधारून घरी गेली. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा प्रश्न आपल्याकडच्या आयसीयूंत किती बिकट आहे, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. खाडीतल्या फाजपैकी किती जण अशा कामाचे निघतील याचा दावा मी करत नाही. ते वांगं कचऱ्यात गेलं असतं तर काय झालं असतं, एवढाच विचार मनात येतो.

म्हणून माझं म्हणणं असं. जिथे कांदळवनाच्या जमिनीत खोदकामाला, भरावाला किंवा गाळ उपसायला परवानगी दिली जाते, तिथे परवानगीच्या अटींतच चिखलाचे गाभे, म्हणजे पाइपात निघणारे उभे अखंड नमुने, काढण्याची अट यावी. मशीन उतरण्याआधी, निदान तीन खोलींवरचे, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, भरतीची वेळ आणि क्षारता लिहून. ते उणे ८० अंशांवर दोन ठिकाणी ठेवले जावेत, आणि दोन्ही ठिकाणं एकाच पुरात बुडतील अशी नसावीत. एक प्रत मुंबईत ठेवता येईल, दुसरी घाटावर. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, त्यांच्याशी बोलता येईल. जीनोम वाचण्याची घाई नाही. वाचन दरवर्षी स्वस्त होत चाललं आहे. झालं की ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात सर्वांसाठी खुली ठेवावी. आणि जिथे काहीच काम होणार नाही अशा जागांचेही नमुने हवेत, ताडून पाहायला. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ साली खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. सुरुवात तिथून करावी.

मनुष्यबळाची अडचण सांगू नये, अशी विनंती आहे. मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी कितीतरी कॉलेजं आहेत, आणि दरवर्षी तिसऱ्या वर्षाची मुलं प्रकल्पाचा विषय शोधत दारात उभी असतात. बहुतेकांना आम्ही नाल्याच्या पाण्यातून ई. कोलाय या जिवाणूचे फाज काढायला लावतो, कारण ते हमखास येतात. त्याच मुलांना पाइप धरायला शिकवलं, तर नमुने काढण्याचं अर्धं काम तिथेच होतं. कोळीवाड्यांतल्या माणसांशिवाय मात्र हे जमणार नाही. गाळ कुठे भरतो, कुठे धुपतो, कुठली जागा वीस वर्षांत हललेली नाही, हे ते नकाशा न बघता सांगतात. त्यांना त्या दिवसाची मजुरी आणि नोंदीत नाव, दोन्ही मिळावं.

येत्या अमावास्येच्या उधाणाला आम्ही पुन्हा त्याच जागी उतरणार आहोत. तुमच्यापैकी कुणी बरोबर आलं तर मुलांना फार आनंद होईल. दोन जास्तीचे पाइप धार काढून ठेवले आहेत. गमबूट आणू नका, ते चिखलात अडकून राहतात. घट्ट मोजे पुरतात.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका,
मुंबई